स्वयंभू संख्यांचा शोधक

मुंबईहून पुण्यास जाणारी आगगाडी खंडाळ्याचा घाट चढते, लोणावळे व तळेगाव ही गावे मागे टाकते आणि चिंचवड-पिंपरीच्या सपाटीवर येते. आज या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांस कारखान्यांच्या रांगा दिसतात. तेथून उत्तरेस गेले, की चाकणच्या जुन्या किल्ल्याच्या परिसरातही मोटारी तयार करणारे प्रचंड कारखाने उभे आहेत. शंभर वर्षांपूर्वी मात्र येथे बहुतेक शेते व माळरानेच होती. चिंचवड हे मोरया गोसावींच्या समाधीमुळे व चाकण हे तेथील संग्रामदुर्गामुळे लोकांस ठाऊक होते. इ. स. १९२३ साली याच मार्गावरील ठाण्याचा एक अठरा वर्षांचा विद्यार्थी पुढील शिक्षणासाठी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाला. त्याच्यापाशी धन नव्हते, मोठ्या घराण्याचे नाव नव्हते. त्याचे धन एकच होते. ते म्हणजे अंकांचे वेड. त्या विद्यार्थ्याचे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. समुद्रकाठचे हे गाव त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते. आता ते पालघर जिल्ह्यात आहे. दत्तात्रेय आठ वर्षांचा असतानाच त्याची आई वारली आणि त्याच्या संगोपनाचा भार वडिलांवर पडला. वडील कारकुनी करीत. त्यांना ज्योतिषाची फार आवड होती. पत्रिका मांडावयाची म्हणजे बेरजा, वजाबाक्या, भागाकार यांची कामे आलीच. वडिलांच्या शेजारी बसून आकडेमोड पाहता पाहता मुलाला तिची गोडी लागली. ग्रहांचे फळ काय मिळेल, याची चिंता त्याने केली नाही. त्याला गोडी लागली ती निव्वळ अंकांची.

माध्यमिक शिक्षणासाठी तो ठाण्याच्या शाळेत होता. गणिताची कोडी हाती आली, की तो तासन् तास त्यांत रमून जाई. पुढे पुण्यास असताना, १९२७ साली, त्याला रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे १८९९ साली केंब्रिज येथे गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले थोर विद्वान. त्यांच्या नावाचे पारितोषिक मिळणे हा मोठाच मान होता. १९२९ साली कापरेकर मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. परीक्षा उत्तीर्ण झाले आणि नाशिकजवळील देवळाली येथे शाळेत गणिताचे शिक्षक झाले. पुढे उच्च पदवी त्यांनी घेतली नाही. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, १९६२ साली, ते निवृत्त झाले. तोवर त्यांचे सारे आयुष्य त्याच गावी फळा आणि खडू यांच्या सहवासात गेले.

दिवसा शाळेत मुलांना गणित शिकवावे आणि उरलेल्या वेळी स्वतः संख्यांचे विद्यार्थी व्हावे, असा त्यांचा क्रम होता. त्यांच्यापाशी प्रयोगशाळा नव्हती, गणकयंत्र नव्हते. कागद व पेन्सिल एवढीच त्यांची साधने. पण रत्नपारखी जसा खडा हातात घेऊन उलटसुलट करून पाहतो, तसे ते प्रत्येक संख्येकडे पाहत.

त्यांच्या या छंदाची एक खूण आगगाडीच्या मार्गावरच आहे. मुंबईपासून सुमारे तीस मैलांवर असलेल्या डोंबिवली स्थानकास पूर्वी डेम्लो असेही म्हणत. १९२३ साली या स्थानकापाशी त्यांच्या मनात काही संख्यांविषयी एक विचार आला, म्हणून पुढे त्यांनी त्या संख्यांना डेम्लो संख्या असे नाव दिले. ४७७७३ ही संख्या पाहा. मध्ये सात हाच अंक पुन्हा पुन्हा आला आहे आणि दोन टोकांच्या ४ व ३ या अंकांची बेरीजही सातच होते. १६५ या संख्येतही तसेच आहे. १ आणि ५ मिळून ६. नुसते एक हे अंक ओळीने लिहून त्या संख्येचा वर्ग केला, तर याहूनही देखणी रचना मिळते. ११ चा वर्ग १२१, १११ चा वर्ग १२३२१ आणि ११११ चा वर्ग १२३४३२१. अंक पायरीपायरीने चढतात आणि तसेच उतरतात.

या एकांच्या माळेत आणखीही एक गंमत दडली आहे. ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांखेरीज दुसऱ्या कोणत्याही संख्येने पूर्ण भाग जात नाही, तिला मूळ संख्या म्हणतात, हे तुम्ही गणितात शिकलाच आहात. दोन एकांची ११ ही मूळ संख्या आहे. पण १११ ला ३ ने भाग जातो, ११११ ला ११ ने भाग जातो. अशी माळ लांबवीत गेले, तर पुढची मूळ संख्या थेट एकोणीस एकांची मिळते आणि त्यानंतरची तेवीस एकांची. मधल्या सर्व माळा तुटतात. या दोन मात्र अभंग राहतात.

कापरेकरांचे सर्वांत प्रसिद्ध संशोधन म्हणजे ६१७४ या संख्येचा गुणधर्म. १९४९ साली मद्रास येथे भरलेल्या गणितपरिषदेत त्यांनी तो जाहीर केला. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहावे, मग चढत्या क्रमाने लिहावे आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. आलेल्या उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. उत्तर चार अंकांहून कमी आले, तर आरंभी शून्य लिहून चार अंक पुरे करावे. असे करीत गेले, की सात पायऱ्यांच्या आत किंवा सातव्या पायरीस ६१७४ ही संख्या येतेच. आणि एकदा आली, की पुन्हा पुन्हा तीच येत राहते.

आपण कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊन पाहू. १९०५ चे अंक उतरत्या क्रमाने ९५१० आणि चढत्या क्रमाने ०१५९, वजाबाकी ९३५१. पुढे ९५३१ उणे १३५९, म्हणजे ८१७२. मग ८७२१ उणे १२७८, म्हणजे ७४४३. मग ७४४३ उणे ३४४७, म्हणजे ३९९६. मग ९९६३ उणे ३६९९, म्हणजे ६२६४. मग ६६४२ उणे २४६६, म्हणजे ४१७६. आणि शेवटी ७६४१ उणे १४६७, म्हणजे ६१७४. बरोबर सात पायऱ्या झाल्या. वारकरी कोणत्याही गावाहून निघो, तो शेवटी पंढरीस पोहोचतो. तशा या साऱ्या संख्या अखेर ६१७४ पाशी येऊन थांबतात. आज सारे जग या संख्येला कापरेकर स्थिरांक म्हणते.

संख्यांना नावे ठेवण्याची कापरेकरांना मोठी हौस होती. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, तिला त्यांनी हर्षद, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. १७२९ या संख्येच्या अंकांची बेरीज १९ येते आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. हीच ती संख्या, जी दोन घनांची बेरीज म्हणून दोन रीतींनी लिहिता येते आणि म्हणून थोर गणिती रामानुजन यांच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. आणखी एका प्रकारच्या संख्यांना तर आज कापरेकरांचेच नाव आहे. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० व २५ असे दोन भाग करून मिळवले, की पुन्हा ४५ च येतात. २९७ चा वर्ग ८८२०९; ८८ व २०९ मिळून २९७. जणू संख्या आपल्या वर्गात लपून बसते आणि हाक मारताच बाहेर येते.

परंतु त्यांच्या शोधांतील अतिशय सुंदर शोध आहे स्वयंभू संख्यांचा. कोणतीही संख्या घ्या आणि तीत तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. २३ घेतले, तर २३ अधिक २ अधिक ३ मिळून २८ होतात. म्हणून २३ ही २८ ची जनक संख्या झाली. २८ पासून ३८ जन्मते, ३८ पासून ४९. अशी ही वंशावळ पुढे चालते. मग कापरेकरांच्या मनात प्रश्न आला, की प्रत्येक संख्येला जनक असतोच काय? त्यांनी शोध घेतला, तेव्हा असे दिसून आले, की काही संख्यांना जनकच नाही. देवळात मूर्ती बसवावी लागते. पण काही मूर्ती कोणी न घडवताच प्रकट झाल्या, असे आपल्याकडे मानतात आणि त्यांना स्वयंभू म्हणतात. त्याच शब्दाने कापरेकरांनी या संख्यांचा गौरव केला. आपल्या गावावरून त्यांना देवळाली संख्या असेही नाव त्यांनी दिले.

९७ ही अशीच एक स्वयंभू संख्या. ती स्वयंभू आहे हे कसे ओळखावे? तिला जनक असला, तर तो ९७ हून लहान, म्हणजे फार तर दोन अंकी असणार. दोन अंकांची बेरीज १८ हून अधिक होऊ शकत नाही. म्हणून जनक ७९ ते ९६ यांच्या मध्येच शोधावयास हवा. शोधून पाहिले, तर ८४ पासून ९६ मिळतात, ८५ पासून ९८ मिळतात आणि ९७ मात्र कोणापासूनही मिळत नाहीत. शिवाय ९७ ही मूळ संख्याही आहे. म्हणजे तिला कोणी जन्म दिलेला नाही आणि तिचे समान तुकडेही कोणी करू शकत नाही. ३१ ही संख्याही अशीच, मूळ आणि स्वयंभू. उलट १२७ ही मूळ संख्या असली, तरी स्वयंभू नाही. कारण १२२ हा तिचा जनक आहे.

इतके सारे शोधूनही कापरेकरांच्या वाट्यास मान फार उशिरा आला. विद्यापीठांतील अनेक विद्वानांना त्यांचे काम म्हणजे केवळ आकड्यांचा खेळ वाटे. ते कोणत्याही विद्यापीठात अध्यापक नव्हते. त्यांच्यापाशी मोठी पदवी नव्हती. त्यांचे काही लेख परदेशी नियतकालिकांत छापले गेले; पण पुष्कळसे लेखन त्यांनी लहान पुस्तिकांच्या रूपाने पदरच्या पैशाने प्रसिद्ध केले. गणिताच्या परिषदा भरत, तेथे ते जात आणि आपल्या संख्यांविषयी सांगत. ऐकणारे कधी कौतुक करीत, कधी हसत. शाळाशाळांतील मुले मात्र त्यांच्या भोवती आनंदाने जमत.

१९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन तुटपुंजे होते. त्यात भागेना, म्हणून उतारवयातही ते गणिताच्या व विज्ञानाच्या शिकवण्या करीत. अशा दिवसांत माणसाने आपला छंद सोडून दिला असता, तरी त्यास कोणी दोष दिला नसता. पण कापरेकरांनी पेन्सिल खाली ठेवली नाही. जगाने वाहवा करावी म्हणून त्यांनी संख्यांशी मैत्री जोडली नव्हती. म्हणून जगाने पाठ फिरवली, तरी ती मैत्री तुटण्याचे कारण नव्हते.

मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने सायंटिफिक अमेरिकन या जगप्रसिद्ध मासिकात कापरेकर आणि त्यांच्या संख्या यांविषयी लिहिले. त्यामुळे देवळालीच्या या शिक्षकाचे नाव देशोदेशींच्या गणितप्रेमी वाचकांपर्यंत पोहोचले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. पुढे १९८६ साली त्यांचे निधन झाले.

कोणी विचारील, की अशा संख्यांचा उपयोग काय? या प्रश्नाचे एक उत्तर पिंपरी-चिंचवड आणि चाकण यांसारख्या यंत्रांच्या वसाहतीत मिळू शकते. मोटारीत किंवा यंत्रात एकमेकांत अडकून फिरणारी दातेरी चाके असतात. समजा, लहान चाकाला २० दाते आणि मोठ्याला ४० दाते आहेत. मग लहान चाकाच्या प्रत्येक दात्याची गाठ मोठ्या चाकाच्या त्याच त्या दोन दात्यांशी पडत राहील; एखादा दाता खडबडीत असला, तर तो नेहमी त्याच दात्यांना झिजवील. पण लहान चाकाला १९ दाते दिले, तर १९ ही मूळ संख्या असल्यामुळे आणि तिने ४० ला भाग जात नसल्यामुळे प्रत्येक दाता पाळीपाळीने चाळीसही दात्यांना भेटतो आणि झीज सर्वत्र सारखी होते. मूळ संख्येचा हा गुण यंत्राचे आयुष्य वाढवितो. तो गुण ज्यांनी प्रथम न्याहाळला, त्यांच्या डोळ्यांपुढे मोटारी नव्हत्या. ज्ञानाची वाट पुष्कळदा अशीच असते. आधी कुतूहल चालते आणि उपयोग मागाहून येतो.

कापरेकरांच्या स्वयंभू संख्यांची कथाही त्यांच्या मृत्यूने संपली नाही. २ ला २ ने पुन्हा पुन्हा गुणून त्यातून १ वजा केला, की कधी कधी मूळ संख्या मिळते. ३, ७, ३१, १२७ या अशा संख्या होत. सतराव्या शतकातील मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकावरून त्यांना मेर्सेन मूळ संख्या म्हणतात. २००४ साली अशी एक संख्या सापडली, की जी मिळण्यासाठी २ हा अंक २,४०,३६,५८३ वेळा मांडून त्यांचा गुणाकार करावा लागतो आणि मग त्यातून १ वजा करावा लागतो. या एकाच संख्येत ७२,३५,७३३ अंक आहेत. पुस्तकाच्या एका पानावर दोन हजार अंक छापले, तरी ती लिहिण्यास साडेतीन हजारांहून अधिक पाने लागतील. त्या वर्षी ती माहीत असलेल्या मूळ संख्यांत सर्वांत मोठी होती. पुढे तिच्याहूनही मोठ्या सापडल्या.

२००६ साली ल्यूक पेबडी या गणितज्ञाने असे दाखवून दिले, की ही प्रचंड मूळ संख्या स्वयंभूही आहे. एवढ्या अफाट संख्येचा जनक शोधावयाचा कोठे, असे तुम्हांस वाटेल. पण ९७ च्या वेळी आपण जी युक्ती योजली, ती येथेही लागू पडते. ७२,३५,७३३ अंक सारेच ९ असले, तरी त्यांची बेरीज ६,५१,२१,५९७ हून अधिक होऊ शकत नाही. म्हणजे जनक असलाच, तर तो या संख्येच्या खाली तेवढ्याच टप्प्यात असणार. त्यापलीकडे पाहण्याचे कारण नाही. साडेसहा कोटी हा आकडा मोठा खरा, पण त्या संख्येपुढे तो सागरापुढे थेंबासारखा आहे. लहान संख्येवर पेन्सिलीने शिकलेला विचार मोठ्या संख्येपुढेही असा उपयोगी पडतो.

ज्या माणसाने कागदावर दोन-दोन, तीन-तीन अंकी संख्यांच्या वंशावळी मांडल्या, त्याने विचारलेला प्रश्न त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी लक्षावधी अंकांच्या संख्येला विचारला गेला. आणि प्रश्नाचे रूप तेच राहिले. देवळालीच्या शाळेतील एका साध्या शिक्षकाचे हे केवढे यश आहे! मोठे घर, मोठा पगार, मोठा अधिकार यांवाचूनही मोठे काम करता येते. त्यासाठी हवी ती आवड, चिकाटी आणि स्वतःच्या प्रश्नावरील निष्ठा.

मुलांनो, तुमच्याजवळ कागद आहे, पेन्सिल आहे आणि संख्या तर न संपणाऱ्या आहेत. आपले जन्मवर्ष घेऊन ६१७४ पर्यंतच्या पायऱ्या मोजून पाहा. शंभरपर्यंतच्या स्वयंभू संख्या शोधून काढा. त्या शोधता शोधता एखादा नवा प्रश्न तुमच्या मनात उभा राहिला, तर तो लहान समजून टाकून देऊ नका.